दोघींत एक मॅक्रो लेन्स

नसरीन,

तुला घरातून नेलं आणि आम्ही बाया दारातून परत आत येऊन बसलो. तेव्हा तुझ्या गल्लीतल्या एका बाईनं मला विचारलं, "तुमचं दोघींचं लय जमत असन नं ताई?" नुकतंच जिथून तुला नेलं त्या घरात बसून खोटं कसं बोलायचं? मी म्हटलं, "नाही हो. आमचं कधीच जमलं नाही." दुःखानं माझं डोकं फिरलं असं वाटून एकीनं माझ्या पाठीवरून हात फिरवला. तुझी शाहीन भाभी मात्र डोळे पुसता पुसता ओढणीच्या आड हसली.

अजून तुझा चाळिसावाही झालेला नाही. जो तो मला सांगतो, रडून घ्या, मोकळं व्हा. मी रडलेच आहे, ते काही सांगायला नको. पण खरं सांगू का, मला त्याहून जास्त सुटल्यासारखं वाटतंय, आणि हे दुसऱ्या कुणाला सांगितलं तर लोक मला वेड्यात काढतील. तू जाणार हे डॉक्टरांनी उन्हाळ्यातच सांगितलं होतं. आकसत चाललेली फुप्फुसं परत पसरत नाहीत, हे तुझ्यासारख्या विज्ञानाच्या बाईंना त्यांनी समजावून सांगायची गरज नव्हती. माझी धास्ती वेगळीच होती. तू जाताना तुझ्या मनात हे राहील, की तुझ्या या अर्चीनंही आपल्याला मेल्यातच धरलं. आणि हे सगळं कशापायी, तर एका मॅक्रो लेन्सपायी.

आपली गाठ पडली तीच भांडणानं. अमरावतीच्या शाळेत मी नुकतीच चित्रकलेला लागले होते आणि तू विज्ञान शिकवायचीस. एका मुलीनं जास्वंदीचं चित्र काढलं होतं. रंग असे ओले, टवटवीत, की मी खूश होऊन ते स्टाफरूममध्ये लावलं. तू डबा खाता खाता वर पाहिलंस आणि म्हणालीस, "याले चारच पाकळ्या हायेत. चार पाकळ्यायचं जास्वंद जगात नाही." मी म्हटलं, चित्रात असतं. तू म्हणालीस, "मंग त्याच्या खाली जास्वंद लिहू नोको." त्या दिवशी मला तुझा असा राग आला होता की मी दुसऱ्या बाकावर जाऊन जेवले. दुसऱ्या दिवशी तू आपला डबा उचलून माझ्यासमोर येऊन बसलीस आणि वाद पुढे सुरू केलास. मग तो थांबलाच नाही. तुझ्या अम्मींचं दुखणं वाढलं म्हणून तू अकोल्याच्या शाळेत गेलीस, जुन्या शहरातल्या घरी राहायला लागलीस, तरी थांबला नाही. फक्त फोनवर आला.

फुलांचे फोटो काढायचं खूळ तुझं. तिवशाजवळ माझ्या माहेरचं शेत, तिथे तू एका श्रावणात आलीस आणि सोयाबीनकडे ढुंकूनही न पाहता बांधावर बसकण मारलीस. केना, माका, दुधी, तरोटा, कंबरमोडी. ज्यांना आम्ही जन्मभर कचरा म्हणत आलो, त्यांची फुलं तू भिंगातून मला दाखवलीस. नखाएवढं केन्याचं निळं फूल, त्यात पिवळे पुंकेसर, आणि तेही दुपार व्हायच्या आत मिटून जाणारं. मी खोटं बोलणार नाही, ते भिंग मी बराच वेळ तुला परत दिलं नाही. निंदायला आलेल्या बाया आपल्याला पाहून कमरेवर हात ठेवून हसत होत्या. त्यातली एक म्हणाली, "बाई, आमी ज्याले उपटतो त्याचे तुमी फोटो काढून राहिल्या का? काढा मंग पटपट, या ओळीतलं निंदून होत आलं." आपण पटपट काढले. आपण फोटो काढून पुढे सरकायचं आणि त्यांनी मागून उपटत यायचं, असं सकाळभर चाललं.

फोटो मात्र एकही धड आला नाही. माझ्याकडे लेन्सच्या तोंडावर स्क्रू करायचं स्वस्तातलं भिंग होतं, त्यात मध्ये फूल आणि कडेला नुसता धूर दिसायचा. तू कॅमेरा आणि लेन्सच्या मध्ये पोकळ नळ्या घालायचीस. त्यानं फूल मोठं व्हायचं, पण उजेड असा कमी व्हायचा की भर दुपारी दिवेलागण झाल्यासारखं वाटायचं. एकदा तर तू लेन्स उलटी करून बसवलीस आणि तिची मागची काच केन्याखालच्या चिखलात बुडवलीस. तेव्हा आपण ठरवलं, खरी मॅक्रो लेन्स घ्यायची. म्हणजे कुठल्याही झूमवर 'मॅक्रो' लिहून दुकानदार विकतात तसली नाही. फूल जेवढं असेल तेवढंच आत उमटवणारी, एकास एक. एकटीला परवडणारी नव्हती. तुझ्या माझ्या पगारात घरचं, माहेरचं, दवाखान्याचं बसवून काय उरायचं ते दोघींना माहीत होतं. म्हणून दोघींत एक. महिनाभर अमरावतीला, महिनाभर अकोल्याला, एसटीनं जाईल येईल. आणि तूच अट घातलीस: दोघींचं पटेल तेव्हाच घ्यायची. कुणी कुणाची भीड म्हणून हो म्हणायचं नाही.

या अटीनं घात केला. दोघींचं पटायला जी वर्षं लागली तेवढ्यात कॅमेरे बदलले.

मला साठ मिलिमीटरची पाहिजे होती, ऑटोफोकसवाली. लहान, हलकी, पर्समध्ये मावणारी. तुला शंभरची पाहिजे होती, आणि ती परवडावी म्हणून हातानं फोकस करायची, बिनविजेची, लोखंडाच्या वजनाची. मी म्हणायचे, मला चाळिशी लागली, माझ्या डोळ्यांना बारीक फोकस झेपत नाही, यंत्रानं करून दिला तर काय बिघडलं? तू म्हणायचीस, "फुलाले ऑटोफोकस कायले लागते वं? फूल का पळून जाते?" मी म्हणायचे, वारा असतो. "मंग थांबाव नं वारा जाईपर्यंत! तुले कोन्ती गाडी पकडायची हाय?" मग तू तुझं शंभराचं पुराण लावायचीस. साठची लेन्स फुलाच्या पार चार बोटांवर न्यावी लागते, लेन्सचीच सावली फुलावर पडते, फुलावरची मुंगीही पळते. शंभरची वीतभर लांब राहते, उजेड आत येऊ देते. मी म्हणायचे, दुरून डोंगर साजरे. त्यावर तू फोन ठेवून द्यायचीस आणि दहा मिनिटांनी परत लावायचीस, कारण तुला नवं उत्तर सुचलेलं असायचं.

मधे एकदा पटत आलंही होतं. अकोल्यात तुला कुणाकडे तरी जुनी शंभरची सापडली, स्वस्तात. तू मला तातडीनं बोलावून घेतलंस. मी बसस्टँडवरून ऑटोनं मोर्णेचा पूल ओलांडून येईपर्यंत तुझी ती मनानं घेऊनही झाली होती. टॉर्च लावून मी आत पाहिलं. छिद्र लहानमोठं करणाऱ्या पात्यांवर तेल आलं होतं, आणि पाती एकमेकींना चिकटून अर्धवटच मिटत होती. वर्षानुवर्षं कुठल्या तरी टिनाच्या खोलीत पडून ग्रीस वितळलेलं. मी म्हटलं, ही बाद आहे. तू केवढी चिडलीस! "हा अकोल्याचा उन्हाळा हाय, यात लेन्सचा काय दोष?" जसा काही मी लेन्सवर खटला भरला होता. ती लेन्स परत केली आणि आपण तुझ्याकडे बसून खिमा-पाव खाल्ला, म्हणजे तू खिमा आणि मी पाव. त्या दिवशी जिंकल्याचा आनंद मला आठवडाभर पुरला.

नसरीन, एक गोष्ट मी तुला कधी सांगितली नाही, ती आता सांगते. माझ्या घरी माझ्याशी कुणी वाद घालत नाही. आमचे हे देवमाणूस आहेत, प्रत्येक गोष्टीला म्हणतात, "तुला योग्य वाटेल तसं कर." याला लोक नशीब म्हणतात, आणि असेलही. पण माझं बोलणं खोडून काढायचं तर आधी ते नीट ऐकावं लागतं, आणि इतकं नीट आजवर तूच ऐकलंस. मी एखादं वाक्य मार्च महिन्यात बोललेली असायचे आणि जूनमध्ये तू ते जसंच्या तसं माझ्या तोंडावर फेकायचीस. मला तेव्हा संताप यायचा. त्या संतापासकट मी तुझी ऋणी आहे.

मग तुला दम लागायला लागला. आधी जिना चढताना, मग बोलताना, मग बसल्या बसल्या. खाटेशी ऑक्सिजनचं मशीन आलं, नाकात नळी आली. मी येईन तेव्हा तू खिडकीकडे तोंड करून बसलेली असायचीस आणि गल्लीतल्या भाजीवाल्याशी वरून घासाघीस चाललेली असायची. एकदा मी आत आले तर तू हळूच म्हणालीस, "अर्चे, या घरात काहीतरी गडबड हाय. रफिक माह्यं ऐकून राहिला." रफिक, तुझा धाकटा भाऊ, ज्यानं जन्मात तुझी एक गोष्ट मानली नाही. आपा म्हणते पूर्व तर हा पश्चिम. तो आता कशालाही "हो आपा" म्हणत होता. टीव्हीचा आवाज कमी कर, हो आपा. भाभीच्या डाळीत मीठ कमी हाय, हो आपा. तू मुद्दाम एक दिवस सांगितलंस की या वर्षी तुझ्या दुकानाला हिरवा रंग दे, आणि त्यानं तेही मान्य केलं. "हिरवा, अर्चे! त्याले हिरव्या रंगाची चीड हाय. मले त्या दिवशीच समजलं, डॉक्टरनं यायले काय सांगतलं ते." आणि मग माझा हात धरून म्हणालीस, "तू नोको म्हणू मले 'हो'. कधीच."

मी म्हटलं, मी कशाला म्हणते? तुझी लेन्स चुकीची आहे ती आहेच. तू खूश झालीस आणि खोकत खोकत मला शंभराचं पुराण पहिल्यापासून ऐकवलंस.

आणि इथेच नशीब आडवं आलं. पंधरवड्यानं अमरावतीला आमच्या पुतणीचं साक्षगंध होतं. तिथला फोटोग्राफर अंगठ्यांचे फोटो काढत होता, आणि त्याच्या कॅमेऱ्याला तुझीच लेन्स होती. तीच शंभरची, हाताची, वजनदार. मला राहवेना. मी त्याला म्हटलं, दादा, दोन मिनिटं देता का? मंडपाच्या मागे, खुर्च्यांच्या ढिगाशेजारी कंबरमोडी फुललेली होती. मी नव्या सिल्कच्या साडीत तिथे गुडघ्यांवर बसले, मग कोपरांवर आले. तू सांगायचीस तसं केलं, फोकसचं कडं फिरवायचं सोडून दिलं आणि सगळं अंगच केसभर पुढे, केसभर मागे नेलं. आणि एका क्षणी ते फूल उभं राहिलं, गं. मधली एकेक बारीक पिवळी फुलं सुटी दिसत होती. त्यावर एक माशी बसलेली, ती उडाली नाही. लेन्सची सावली कुठेच नव्हती. माझ्या नणंदेनं मागून हाक मारली, "वहिनी, पडल्या का तुमी?" मी पडले नव्हते. मी हरले होते, आणि मला त्याचं भारी सुख झालं होतं.

दुसऱ्याच दिवशी मी अकोल्याची बस धरली. मूर्तिजापूर येईपर्यंत मनात वाक्यं जुळवत होते. तू कशी हसशील, कशी मिरवशील, रफिकला हाक मारून सांगशील, सगळं डोळ्यांपुढे. मी आत आले, बॅगही ठेवली नाही, आणि म्हटलं, "नसरीन, तूच बरोबर होतीस. शंभरचीच घेऊ."

तुझा चेहरा उतरला. मी इतक्या वर्षांत तुझा असा चेहरा पाहिला नव्हता. तू माझ्याकडे पाहिलंस, मग भिंतीकडे पाहिलंस. म्हणालीस, "तूबी गेली का त्यायच्यात?"

मला आधी समजलंच नाही. समजल्यावर मी सांगत सुटले. साक्षगंध, फोटोग्राफर, कंबरमोडी, माशी. जितकं सांगावं तितकं ते खोटं वाटायला लागलं, माझं मलाच. साडीत कोपरांवर झोपले म्हणे! असली गोष्ट आजाऱ्याचं मन राखायलाच रचतात. तू शांतपणे सगळं ऐकून घेतलंस. एकदाही मधे बोलली नाहीस, आणि तेच भयंकर होतं. शेवटी म्हणालीस, "बरं, घेऊ मंग." असं कुणी परक्या पाहुण्याला म्हणावं तसं. मग म्हणालीस, दमली मी, झोपतो. आणि डोळे मिटून घेतलेस.

त्यानंतर तू फोन उचलला नाहीस. भाभी उचलायची आणि म्हणायची, आपा झोपल्या आहेत. पहिल्यांदा खरं वाटलं. मग लक्षात आलं. मी फोटो पाठवले, त्या साक्षगंधातली कंबरमोडीसुद्धा पाठवली. पाहिल्याची खूण यायची, उत्तर नाही. एक दिवस शाळेत वर्गावर असताना माझ्या मनात आलं, की आता या क्षणी ती गेली तर? तिचा अखेरचा समज हाच, की शेवटची एक होती भांडायला, तिनंही हात टेकले. आणि मी काही केलं तरी ते खरं करून दाखवता येणार नव्हतं. हो म्हटलं होतं, ते खरं होतं. परत नाही म्हणावं तर ते खोटं, आणि खोटं भांडायला मला येत नाही. तू एका मिनिटात पकडलं असतंस.

शेवटी मी तीच शंभरची लेन्स मागवली. अटीप्रमाणे दोघींचं पटलं होतं, तुला ते मान्य नसलं तरी. खोकं आलं त्या रविवारी सकाळी लवकर तिवशाच्या शेतात गेले. म्हटलं, असा फोटो काढते केन्याचा, की तो पाहून तरी तिला पटेल.

साक्षगंधात त्या फोटोग्राफरनं लेन्सचं छिद्र पूर्ण उघडं ठेवलं होतं, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. अंगठीला तेवढं चालतं. केन्याचं अख्खं फूल नितळ यायचं तर छिद्र बारीक करावं लागतं. साध्या लेन्समध्ये आपण पाहत असतो तेव्हा छिद्र उघडंच असतं, खटका दाबल्यावर ते क्षणभर आपोआप मिटतं. ही बया बिनविजेची! तिचं छिद्राचं कडं फिरवलं की ती तिथल्या तिथे मिटते, आणि आपल्याला दिसतो नुसता काळोख. फूल कुठे, पुंकेसर कुठे, काही म्हणून दिसेना. उघडं ठेवून फोकस करावा आणि मग कडं फिरवावं, तर तेवढ्यात हात हलतो. चिखलात गुडघे रुतलेले, डोळ्यांत घाम, आणि ऊन चढत चाललेलं. फूल दुपारी मिटणार. मी इतकी भडकले की तिथूनच तुला आवाज रेकॉर्ड करून पाठवला. काय बोलले ते मला नीट आठवत नाही, पण निंदणाऱ्या बाया काम थांबवून ऐकत होत्या एवढं आठवतं. तुझ्या हट्टापायी वर्षं वाया गेली, ही लेन्स आहे का कोळशाची खाण, आंधळ्यांच्या शाळेला देऊन टाकते, विज्ञान शिकवतेस आणि एवढं साधं तुला कळलं नाही, असं बरंच काही.

फोन लगेच वाजला. तुझा श्वास आधी ऐकू आला, मग मशीनची घरघर, मग तू.

"नाचता येईना, अंगण वाकडं!"

मी चिखलातच बसले, नसरीन. मला हसावं की रडावं कळेना, म्हणून मी आणखी जोरात भांडले. तू म्हणालीस, व्ह्यूफाइंडरमधून कायले पाहतं, मागच्या स्क्रीनवर पाह्य. मी म्हटलं, उन्हात स्क्रीन दिसते का? "मंग पदर घे डोक्यावरून, जुने फोटोवाले काय करत होते?" मी म्हटलं, पदर एका हातानं धरू, कॅमेरा दुसऱ्या, आणि फूल काय दातात धरू? तू खोकायला लागलीस, भाभी मागून ओरडली, बस करा आपा. तू तिला म्हणालीस, "तू मधात बोलू नोको. इचं डोकं ठिकाणावर आणून राहिली मी." आणि मग परत मला, अगदी हळू, "तू खरंच त्या लग्नाच्या मांडवात लोळली होती का वं?"

"साक्षगंध होतं," मी म्हटलं. "लग्न अजून व्हायचंय."

"बावळट हायेस," तू म्हणालीस. त्या दिवशी मी घरी परत आले तेव्हा माझे हे म्हणाले, फोटो चांगले आलेले दिसतात. एकही आला नव्हता.

त्यानंतरचे दिवस आपले चांगले गेले. तुझी तब्येत चांगली होती असं नाही, ती उतरतच होती. पण आपण नीट भांडत होतो. तू खाटेवर बसून उंटावरून शेळ्या हाकायचीस आणि मी तिवशात पदर डोक्यावर घेऊन तुझं ऐकत, न ऐकत फोटो काढायचे. निंदणाऱ्यांपैकी एक बाई आपण होऊन पदराचं दुसरं टोक धरायला लागली. म्हणायची, तुमच्या त्या अकोल्याच्या बाईले सांगा, मी धरून राहिली. मला तो काळोखातला फोकस हळूहळू जमला. ते मी तुला कबूल केलं नाही.

शेवटचं आलं केन्याचं फूल. मी ते लॅपटॉपवर घेऊन तुझ्याकडे आले. तू उशीला टेकून बसली होतीस, बोटं बारीक झाली होती, पण डोळे तेच, परीक्षेच्या हॉलमध्ये फिरायचे ते. फोटो पाहायला तू लॅपटॉप मांडीवर ओढून घेतलास. मला भीती, आता चांगला आहे म्हणते की काय. मग तू म्हणालीस, "फोकस चुकला."

"कुठे चुकला?"

"पाकळीवर हाय. पुंकेसरावर पायजे होता."

"पुंकेसरावरच आहे. चष्मा लाव."

"चष्मा लावेलच हाय. माह्या डोयाले दिसते नं. तुमी चित्रकलावाले, तुमाले निळा रंग दिसला का तुमी गेले तिकडे."

मी म्हटलं, हा तुझा जुना आरोप आहे आणि जुनाच खोटा आहे. तू म्हणालीस, मोठा करून पाह्य. मी मोठा करायला गेले तर लॅपटॉपची बॅटरी संपली. चार्जर अमरावतीला. तू केवढं हसलीस! हसण्यानं तुला धाप लागली, भाभीनं पाठ चोळली, मशीन वाढवलं. थोडं बसून मी बससाठी उठले. तू हात धरला बिरला नाहीस. दारापर्यंत माझ्या मागे तुझा आवाज आला, "पाकळीवरच हाय!" मी जिन्यातून ओरडले, "नाही!" आणि खाली उतरले. दुसऱ्या दिवशी सकाळी रफिकचा फोन आला. झोपेतच गेली म्हणाला. इतके महिने एकेका श्वासासाठी धडपडलीस, आणि गेलीस ती न धडपडता. त्याबद्दलही मला हायसं वाटलं. तुझ्या अल्लाचे आणि माझ्या देवाचे, दोघांचे आभार मानले.

परवा भाभी भेटली तेव्हा मी तिला विचारलं, मी गेल्यावर काही म्हणाली होती का? मनात अजून थोडी धाकधूक होती. भाभी म्हणाली, "तुमी गेल्यावर मीच बोलली आपाले, कावून एवढ्या भांडता, तब्येत पाहा. तर म्हणे, भांडू दे भाभी. एक अर्चीच हाय, मले जिती समजून राहिली." एवढं सांगून भाभी स्वयंपाकघरात गेली. मी तुझ्या खाटेच्या कडेवर बसून राहिले. मशीन कुणीतरी परत नेलं होतं, खोलीत काहीच आवाज नव्हता.

आज सकाळी मी लॅपटॉप लावला. तो फोटो उघडायला मला इतके दिवस धीर झाला नव्हता. खरं सांगते, आत कुठेतरी इच्छा होती की तू बरोबर निघावीस. शोभून दिसलं असतं. गेलेल्या माणसाचं सगळं खरंच होतं असं आपल्याकडे म्हणायची रीत आहे, आणि मलाही तुझ्यासाठी तेवढं करावंसं वाटत होतं. मी फोटो मोठा केला. आणखी मोठा केला. निळ्या पाकळ्या मऊ, धुरकट झाल्या आहेत. पिवळ्या पुंकेसरांवर परागाचा कण न् कण सुटा दिसतोय, मोजता येईल इतका.

पुंकेसरावरच आहे, नसरीन. तू चुकलीस.